भेंडाच्या टोपीवरचा पटका

माणसाचं डोकं गोल असतं असं ज्याला वाटतं, त्यानं कधी टोपी केलेली नाही. कुणाचं डोकं कपाळाकडे निमुळतं असतं, कुणाचं मागून बसकं, तर कुणाच्या एका कानावरची बाजू दुसरीपेक्षा चांगली बोटभर फुगीर. लहानपणी आईनं ज्या कुशीवर जास्त निजवलं, ती बाजू जन्मभर चपटी राहते. परभणीच्या बाजारात बसून मी आयुष्यभर डोकीच पाहिली. अजूनही माणूस समोर आला की मला चेहरा नंतर दिसतो. आमच्या मंडळी वैतागून म्हणतात, "पावण्याच्या टाळूकडं टक लावून बघू नका, त्याला वाटतंय केस विंचरायचे राहिले." काय करणार, जित्याची खोड.

खरं तर आमचा मूळ धंदा बाशिंगांचा. लग्नात नवरा-नवरीच्या कपाळावर बांधतात ते बाशिंग भेंडाचं करतात. भेंड म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या एका झाडाची काडी. सोलली की आतून पांढरीशुभ्र, आणि इतकी हलकी की तळहातावर ठेवली तरी ठेवल्यासारखी वाटत नाही. हैदराबादच्या व्यापाऱ्याकडून तिचे भारे यायचे. लग्नसराईत आम्हाला जेवायला फुरसत नसे आणि ती संपली की रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, अशी आमची गत.

अशाच रिकाम्या दिवसांत एकदा रेल्वेचा एक साहेब फुटकी टोपी घेऊन दुकानात आला. साहेब म्हणजे आपल्यातलाच काळासावळा माणूस, मद्रासकडचा, रुळांवर ढकलगाडी घेऊन उन्हातान्हात हिंडणारा. खळीचं काम कोण करतं असं त्यानं बाजारात विचारलं आणि लोकांनी आमच्याकडे बोट दाखवलं. मी टोपीचं अस्तर उसवलं आणि बघतो तर काय, आत भेंड! पातळ चिरून थरावर थर चिकटवलेलं, आमच्या रोजच्या हातातलं भेंड. मी वडिलांना हाक मारली. त्यांनी टोपी खालून-वरून पाहिली, नाकाला लावून वास घेतला आणि म्हणाले, "म्हंजी हे सायेब लोक रोजच बाशिंग बांधून हिंडायलेत की!"

मला त्या टोपीनं झपाटलंच. ती इतकी हलकी, तरी उन्हाला दाद का देत नाही? मी ती पूर्ण सोडवून पाहिली आणि पुन्हा जोडली. जमली. मग स्वतःचा लाकडी कलबूत, म्हणजे डोक्याच्या आकाराचा ठोकळा, सुताराकडून करून घेतला. त्यावर भेंडाच्या पातळ पट्ट्या मैद्याच्या खळीनं एकावर एक चिकटवायच्या, सावलीत वाळवायच्या, वरून खाकी किंवा पांढरं जाड कापड ताणून चढवायचं आणि कडेच्या झालरीला खालून हिरवं अस्तर द्यायचं. हिरवं का, तर जमिनीवरून उलटून येणारं ऊन डोळ्यांना खुपत नाही. खरी मेख मात्र आतल्या चामडी पट्ट्यात. तो पट्टा टोपीला सगळीकडून चिकटलेला नसतो. मध्ये भेंडाचे लहान तुकडे घालून फट ठेवलेली असते. टोपी डोक्याला लागत नाही, पट्टाच काय तो लागतो, आणि फटीतून वारा खेळतो. उन्हापासून माणसाला वाचवते ती ही फट. भेंड फक्त ती धरून ठेवतं.

गिऱ्हाईक आलं की मी आधी डोकं मापत नसे. आधी विचारायचो, उन्हात तुम्ही करता काय? लोकांना हा प्रश्न चमत्कारिक वाटे. पण उभ्यानं काम करणाऱ्याचं ऊन टाळूवर पडतं आणि वाकून काम करणाऱ्याचं मानगुटीवर. वाकणाऱ्याला मागची झालर लांब हवी. घोड्यावर बसणाऱ्याला तीच लांब झालर पाठीला अडते, वारा खालून शिरतो आणि टोपी उडते. मोजणीखात्यातला माणूस दुर्बिणीला डोळा लावतो, त्याला समोरची झालर नडते. टोपी दिसते कशी हे शेवटी बघायचं, पण गिऱ्हाईक आरसा आधी मागतं. एक गिरदावरसाहेब होते, महसूलखात्याचे, सदा दौऱ्यावर. ते येऊन म्हणाले, "मिस्त्री, हमकू ऐसी टोपी होना के घोडा पळा तो बी उडना नै." मी हनुवटीखाली पट्टा लावून दिला, तर त्यांची तक्रार आली की पट्ट्यामुळे पान खाता येत नाही. शेवटी त्यांनी पान ठेवलं आणि पट्टा काढला. दोन टोप्या त्यांनी पूर्णेच्या पाण्यात घालवल्या.

आणि एकदा एक शेळ्या राखणारी बाई अर्धी टोपी हातात घेऊन दुकानात शिरली. सरकारी शेतीफार्मवरच्या मुकादमानं जेवताना टोपी झाडाखाली ठेवली होती. तिच्या शेळीनं सगळी झालर खाल्ली, आणि मुकादम तिच्याकडे भरपाई मागत होता. बाई त्याच्याऐवजी माझ्यावरच उखडली. "तुमीच पिठानं चिकटीवता टोप्या, आन नाव माज्या शेळीला! तिला काय ठावं सायबाची हाय म्हनून? वास भाकरीचा यायलाय!" मी टोपी हुंगली. बाईचं म्हणणं खरं होतं. त्या दिवसापासून मी खळीत कडुनिंबाचा पाला उकळून घालू लागलो आणि मुकादमाला नवी झालर फुकट लावून दिली. बाई जाताना म्हणाली, "आता कसं शान्यासारकं केलंव."

हे सगळं साहेबी टोप्यांचं झालं. कुणब्यांशी माझा टोपीपुरता संबंध नव्हता. त्यांच्या डोक्यावर पटका. लांबलचक मऊ पांढरं कापड पीळ देऊन, घडीवर घडी घालून बांधतात. उन्हाशी सामना करायला तो माझ्या टोपीपेक्षा कमी नाही, हे मी धंद्याचं नुकसान करून सांगतो. म्हणून बोरीचा ग्यानबा आणि त्याचे वडील दुकानासमोर उभे राहिले तेव्हा मला वाटलं, बाशिंगाची मागणी घेऊन आले असतील.

ग्यानबा तिशीच्या आतला, उंचपुरा. डोक्याला काहीच नाही, नुसता पंचा खांद्यावर. वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, पायरीवरच थांबले. त्यांचा पटका मात्र असा बांधलेला की जणू डोक्याबरोबरच उगवलाय. ग्यानबानं सांगितलं ते असं. बैल उधळून गाडी उलटली आणि त्याचं डोकं उजव्या कानाच्या वर दगडावर आपटून फुटलं. जखम भरून आली, पण ती जागा नाजूक राहिली. तिच्यावरून पटक्याचा पीळ आवळला की डोळ्यापुढे अंधारी येते. सैल बांधला तर वाकल्याबरोबर सुटून पडतो. उघड्या डोक्यानं रानात गेला तर घटकाभरात भोवळ. दोनदा नांगराच्या तासातच आडवा झाला होता, बैल जुंपलेले असताना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरानं सांगितलं होतं, डोकं आवळू नको आणि उन्हातही नेऊ नको. कुणब्यानं करायचं काय मग?

"आबाचे गुडगे गेले," ग्यानबा म्हणाला. "मी एकला. मी रानात गेलो न्हाई तर रान दुसऱ्याला बटईनं द्यावं लागतंय. आन मी कुटं जाऊ? दुकानात तागडी धरू?"

मी त्याच्या डोक्यावर एक टोपी ठेवली. त्यानं मान वळवली, वाकून पाहिलं, हलकं हसला. दुखत नव्हतं. आबांनी मात्र तोंड फिरवलं.

"हे घालून गावात शिरलास तर कुत्रे मागं लागतील," ते म्हणाले. "पटवाऱ्याला वाटंल नवा सायेब आला, आन सोयऱ्यांना वाटंल ग्यानबा बाटला."

"आबा, मंग मी रानात कसा जाऊ?"

मला म्हाताऱ्याचा राग आला नाही. आमच्या भागात बाप्या माणसाच्या डोक्यावरचा पटका गेला की लोक विचारतात, घरात कोण वारलं? डोकं उघडं पडणं म्हणजे सुतक. त्याच्या जागी साहेबाची टोपी आली तर ती गोष्ट म्हाताऱ्याला सुतकाहून जास्त लागणार.

मी आबांना म्हणालो, "बाबा, तुमचा पटका जरा बघू द्याल?" ते चपापले, पण त्यांनी सोडून दिला. मी तो मांडीवर पसरून घड्या, पीळ, मागे सोडतात तो सोगा, सगळं निरखलं. आणि मला युक्ती सुचली. झालर काढून टाकलेली नुसती भेंडाची वाटी करायची. आतला पट्टा कपाळावर, डाव्या कानावर आणि मानेच्या खळग्यावर टेकेल, पण जखमेशी फट राहील. वाटीवर खराखुरा पटका घड्या घालून टाके मारून पक्का बसवायचा. बाहेरून पटका, आतून टोपी. डोक्यावर ठेवला की झालं. बाशिंगवाल्याच्या डोक्यात अशीच युक्ती येणार, कारण बाशिंग एकदा बांधलं की त्याला कुणी हात लावत नाही.

पुढच्या आठवड्याच्या बाजारी ते दोघं तो न्यायला आले. आबांनी तो सगळीकडून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "दिसतंय तर पटक्यासारकंच." मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी त्या दिवशी घरी येताना पेढे आणले.

पुढं उन्हाळा तापला. एका दुपारी आबा एकटेच आले, हातात ती वाटी. वरचा पटका नव्हता. टाके ओरबाडल्यासारखे तुटले होते. मी विचारलं, "ग्यानबा कुठाय? पडला का?"

आबा खाली बसले. या वेळी पायरीवर नाही, आत, गादीवर.

"पडला न्हाई. तेच सांगाया आलो."

झालं होतं ते असं. गावापासून लांबच्या रानात गाय व्याली. भर दुपार, सावली नाही, वासराला पाय धरवेनात. अशा वेळी कुणबी डोक्याचा पटका सोडतो, त्याची झोळी करून वासरू पाठीशी बांधतो आणि घरची वाट धरतो. पटक्यानं काय नुसतं डोकंच झाकायचं असतं का? पेंढी बांधायला पटका, विहिरीत तांब्या सोडायला पटका, दुपारी कलंडायला अंथरूणही तोच. ग्यानबानं सवयीनं हात वर नेला, तर पटका सुटेना. मी पक्का शिवलेला! शेवटी त्यानं विळ्यानं आणि दातांनी टाके तोडले, कापडाची झोळी केली, वासरू पाठीला लावलं, आणि उघडी पडलेली भेंडाची वाटी तशीच डोक्यावर ठेवून एवढ्या उन्हात गावात आला. पांढरंफटक भेंड बघून पारावरचे लोक लोटपोट झाले. एक म्हणाला, "ग्यानबा, दुसरं लगीन लावायलास का? बाशिंग उलटं बसलंय!"

"लोक हासले," आबा म्हणाले. "मला लय वाईट वाटलं. मी दारात उभा. म्या म्हनलं, आता हा पडतो, मंग पडतो. तर हा आला, वासरू उतरीवलं, पानी पेला. ना भोवळ, ना काई. मिस्तरी, त्यो पडला न्हाई." मग त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. "दुसरी करा. पन शिवू नका. सुटला पायजे, त्यो पटका कसला मंग?"

मी कामाला लागलो. वाटीला कडेनं खोबण काढली, पटक्याचा पीळ त्यात बसावा म्हणून. ग्यानबाला बोलावून घेतलं आणि म्हणालो, बांध. तर नवीच अडचण. आपण पटका बांधतो तेव्हा एक टोक धरून दुसरं ओढतो. ते ओढलं की वाटी तिरकी होऊन नेमकी जखमेवर दबायची. ग्यानबाचा चेहरा पांढरा पडायचा. गुडघ्यावर बांधून डोक्यावर ठेवून पाहिला. उभा असेपर्यंत ठीक, वाकला की टोपलीसारखा घरंगळला. शेवटचे दोन पीळ मानेच्या खळग्याखालून डोक्याला धरूनच जायला हवे होते. म्हणजे ग्यानबानं स्थिर बसायचं आणि दुसऱ्यानं बांधायचं. मला अगदी आनंद झाला, कोडं सुटलं! मी म्हणालो, "सोपं आहे. घरात रोज सकाळी कुणीतरी बांधून द्यायचा."

मग ग्यानबा खाली बघून म्हणाला, "कोन बांधनार? घरात मी, आबा आन मंडळी."

"सुनेनं नवऱ्याचा पटका बांधायचा?" आबा म्हणाले. "तसलं न्हाई चालत."

"मग तुम्ही बांधा, बाबा," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. ते हळू बोलले, पण एकेक शब्द मला अजून आठवतो. "मिस्तरी, मानसाच्या डोक्याला दुसऱ्यानं पागोटं कवा बांधायचं असतंय ठावं हाय ना? बाप मेल्यावर. तेराव्याला. मामा येतो, पागोटं बांधतो, म्हंजी आजपून घर तुज्या डोक्यावर. मी बसलोय हितं जिता. आन रोज सकाळी उठून माजंच तेरावं करू?"

मला हे सुचायला हवं होतं. बाशिंगवाल्याला लग्नातलं सगळं माहीत, तेराव्याचं कशाला सुचेल? ग्यानबा उठला. "जाऊ द्या आबा," म्हणाला. "रान बटईनं देऊ." त्यानं वाटी काढून माझ्या पाटावर ठेवली, जपून, आणि पायताण घालू लागला.

आबा उठले नाहीत. ते वाटीकडे बघत होते. आत बोटं घालून त्यांनी ती फट चाचपली, जखमेच्या जागची. मग म्हणाले, "ग्यानबा. बस खाली."

"आबा..."

"बस म्हनलं ना."

त्यांनी स्वतःच्याच डोक्याचा पटका सोडला. माझ्या दुकानात, भर बाजारात, उघड्या डोक्यानं तो म्हातारा गुडघ्यांवर हात टेकत उभा राहिला, लेकाच्या डोक्यावर वाटी बसवली आणि बांधायला लागला. पीळ खोबणीत बसला की ते थांबून विचारायचे, "दुकतंय?" आणि ग्यानबा मान न हलवता म्हणायचा, "न्हाई." शेवटचे दोन पीळ मानेखालून नेऊन त्यांनी टोक खोचलं, सोगा सरळ केला. मग मला म्हणाले, "मी गेल्यावर बांधायचं त्ये आत्ता बांधलं. कुनाच्या बापाचं काय गेलं?"

मी मान खाली घालून कात्री शोधू लागलो. डोळे भरून आले होते आणि गिऱ्हाइकासमोर ते बरं दिसलं नसतं.

ग्यानबानं रान सोडलं नाही. लग्नसराईत बाशिंगं पोचवायला मी बोरीला जायचो, तेव्हा सकाळी अंगणात ते दोघं हमखास दिसायचे. लेक ओट्याच्या पायरीवर बसलेला, बाप मागे उभा. आधी लोक थांबून बघत. नंतर कुणी बघेनासं झालं.

निझामाचं राज्य जायच्या आधीच्या उन्हाळ्यात आबा वारले. दिवस असे होते की माणसाचं नाव विचारायच्या आधी लोक डोक्याकडे बघायचे. लाल रुमी टोपी कुठं चालेल, पांढरी टोपी कुठं मार खाईल, काही सांगता येत नसे. गावंच्या गावं टोप्या बदलत होती, आणि टोप्या करणारा मी तेराव्याला बोरीला जाताना डोक्याला नुसता टॉवेल गुंडाळून गेलो.

अंगणात भावकी बसली होती. ग्यानबाचे मामा नवं कोरं पागोटं घेऊन पुढे झाले. ग्यानबानं हात जोडले. "मामा," तो म्हणाला, "मला आबानं बांधलंय." मामा घुटमळले. कुणीतरी रिवाजाचं बोलायला लागलं. मग मामांनीच त्याला हातानं थांबवलं, पागोटं घडी घालून ग्यानबाच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बसलेले बाप्ये रडले. मीही रडलो.

निघताना मला राहवलं नाही. विचारायची वेळ नव्हती, पण खोड ती खोड. ग्यानबाला बाजूला घेऊन म्हणालो, "मृग जवळ आलाय. उद्यापासून पटका कोण बांधणार?"

त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. त्याची बायको तिथं उभी होती, पदर डोळ्यांना लावून.

"ही बांधती," ग्यानबा म्हणाला. "आबानंच शिकीवलं हिला, आपल्या सोताच्या डोक्यावर. म्हनले, मी काय जल्माला पुरनार हाय का?"